मुलतानी माती पूर्ण वाळू द्यायची नाही

तेलकट चेहऱ्याला मुलतानी माती म्हटलं की बहुतेक घरांत एकच रीत: जाड थर थापायचा, भेगा पडेपर्यंत पंख्याखाली बसायचं आणि मग खसाखसा धुवायचं. पुरळ येणाऱ्या त्वचेचं नुकसान होतं ते या शेवटच्या भागात. कडक वाळवून जास्तीचं काही पदरात पडत नाही. माती आकसते, त्वचा ओढली जाते, चिकटलेला थर घासून काढावा लागतो आणि सुजलेल्या पुटकुळ्या आणखी लाल होतात.

माती मी तयार पुडीतली घेत नाही. त्यात संत्र्याची साल, चंदन, सुगंध काय काय मिसळलेलं असतं. दादरला काष्ठौषधीच्या दुकानात खडे मिळतात, ते आणते. खड्यांत कच असते, म्हणून ते चौपट पाण्यात रात्रभर भिजवायचे. सकाळी ढवळून मिनिटभर थांबलं की वाळू तळाला बसते. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या पातेल्यात ओतायचं, खालची कच टाकून द्यायची. गढूळ पाणी निवळायला वेळ लागतो, दिवसभर हात लावू नये. वरचं स्वच्छ पाणी काढलं की राहिलेला चिखल ताटात पातळ पसरायचा, कडकडीत उन्हात वाळवायचा, कुटायचा आणि वस्त्रगाळ करायचा. हे काम मे महिन्यातच उरकावं. जूननंतर मुंबईच्या हवेत चिखल वाळत नाही, त्याला बुरशी धरते. पूड घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत राहते. त्यात ओला चमचा घालायचा नाही.

एका वेळेला 2 चहाचे चमचे माती पुरते. वाटीत आधी साधारण 3 चमचे पाणी किंवा साधं गुलाबपाणी घ्यायचं, वरून माती भुरभुरवायची आणि 10 मिनिटं न ढवळता ठेवायची. आपसूक भिजलेल्या मातीत गुठळ्या राहत नाहीत. लेप इडलीच्या पिठाइतका दाट हवा. पातळ वाटला तर चिमूटभर माती घालावी. लिंबू अजिबात नको: आम्ल त्वचेला झोंबतं आणि रस लावून उन्हात गेलं तर चट्टे उठून मागे काळे डाग राहतात. खायचा सोडाही नको. तो अल्कधर्मी आहे आणि त्वचा स्वभावतः किंचित आम्लधर्मी असते. भिजवलेला लेप उरला तर टाकून द्यावा, फ्रीजमध्ये ठेवू नये.

पहिल्यांदा लावणार असाल तर कानामागे लावून 24 तास वाट पाहा.

चेहरा सौम्य फेसवॉशने धुऊन, ओलसर असतानाच लेप लावायचा. नाक, कपाळ, हनुवटीवर थर थोडा जाड, गालांवर पातळ. डोळ्यांभोवती आणि ओठांजवळ नाही, फुटलेल्या पुटकुळीवर तर नाहीच. आता घड्याळापेक्षा रंगाकडे लक्ष द्यायचं. ओली माती गडद दिसते. जबड्याच्या कडेला, जिथे थर पातळ असतो, तिथे ती आधी फिकट पडू लागते, आणि नाकावर रंध्रांच्या जागी तेलाचे बारीक काळपट ठिपके उमटतात. कडा फिकट, मधला भाग अजून गार आणि बोटाला चिकटणारा, हीच उतरवायची वेळ. पंखा चालू असेल तर 7-8 मिनिटांत येते, पावसाळ्यात पंखा बंद असेल तर 15 मिनिटंही लागतात.

उतरवताना मऊ ओलं फडकं चेहऱ्यावर अर्धा मिनिट नुसतं ठेवावं, मग पुसावं. फडकं बादलीत खळबळून ते पाणी कुंडीत ओतते. बेसिनमध्ये गेलेली माती पाइपाच्या वाकणात साचते आणि पाणी तुंबतं. मुंबई महापालिकेचं तलावाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं जड पाणी येत असेल तर शेवटचा हबका पिण्याच्या पाण्याचा मारावा. लगेच जेलसारखं हलकं मॉइश्चरायझर लावायचं. ते चुरचुरलं तर थर जास्त वाळला होता असं समजावं आणि पुढचा आठवडा माती बंद.

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. पुरळावरचं अ‍ॅडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिड चालू असेल तर त्या रात्री माती नको. त्वचा मुळात नाजूक असेल तर मुलतानीऐवजी केओलिन (पांढरी, सौम्य माती) घ्यावं. ते तेल कमी शोषतं, पण ओढतही कमी.

माती वर आलेलं तेल टिपते. तेलग्रंथींचं काम हार्मोनवर चालतं, तिथे तिचा हात पोचत नाही, त्यामुळे दुपारपर्यंत नाक पुन्हा चमकणारच. कपाळावर एकसारख्या, खाजणाऱ्या बारीक पुळ्या, त्यातही पावसाळ्यात घामाने वाढणाऱ्या, असतील तर ती बुरशी असू शकते, तिला वेगळं औषध लागतं. आणि दुखणाऱ्या खोल गाठी येत असतील, खड्डे पडत असतील, तर लेपात वेळ घालवू नका. मुंबईत केईएम, सायन, नायर या पालिकेच्या तिन्ही रुग्णालयांत त्वचा विभागाची ओपीडी आहे, सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा.