गच्चीवरचा कावळा

आज सर्वपित्री. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या गच्चीवर आईचं पान ठेवलं अन् हात जोडून उभा राहिलो. आई रोज ज्याला शिळी पोळी टाकायची तोच, डाव्या पायानं लंगडणारा कावळा कठड्यावर येऊन बसला. वड्याला शिवलाच नाही. पोळीचा तुकडा उचलला, पाण्याच्या वाटीत बुडवला, मऊ झाल्यावर खाल्ला. आईसमोरही असंच करायचा.

कावळे चेहरा विसरत नाहीत. अमेरिकेत सिएटलला २००६ मध्ये पक्ष्यांचे अभ्यासक जॉन मार्झलफ यांनी मुखवटा घालून कावळे पकडले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करायचे. राग एवढा लक्षात राहतो, मग रोजची पोळी का नाही राहणार?

जाताना त्यानं मान वाकडी करून जिन्याच्या दाराकडे पाहिलं. आई तिथूनच यायची.