मांगेरेतला पांढरा रविवार

ऑक्टोबरचा दुसरा रविवार हा सामोअन, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या सामोआ बेटांवरच्या, मुलांचा दिवस. इंग्रजीत व्हाइट संडे, सामोअन भाषेत ‘लोतु तामाइती’. त्या दिवशी पाठांतर, गाणी, नाटुकली, सगळं मुलं करतात आणि मोठी माणसं बाकांवर बसून ऐकतात. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या मांगेरे भागात ताईकडे गेले होते, तेव्हा तिच्या शेजारच्या सामोअन आजींनी आम्हाला त्यांच्या चर्चमध्ये यायचं आमंत्रण दिलं.

आदल्या दिवशी ऑकलंडमधल्याच ओटाराचा शनिवारचा बाजार पाहून झाला होता. अळकुड्यांचे ढीग, हिरवी केळी, कमरेला गुंडाळायचे फुलाफुलांचे लावालावा, आणि कानावर पडणाऱ्या चार-पाच बेटांच्या भाषा. बाजार छानच आहे, पण माझ्या लक्षात राहिली ती त्याच संध्याकाळची तालीम. आजी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या आणि नातू त्यांच्या मागे मागे फिरत बायबलमधलं वचन म्हणत होता. या पाठांतराला ‘ताउलोतो’ म्हणतात. मध्येच आजी थांबवायच्या, तो शब्द पुन्हा म्हणायचा. पाठ तर बरोबर वाटत होतं, मग अडतंय कुठे? आजींच्या सुनेने समजावलं. घरात, मित्रांत बोलताना सामोअन माणूस ‘त’च्या जागी ‘क’ म्हणतो. ‘फाआफेताई’ म्हणजे आभार, त्याचं घरात ‘फाआफेकाई’ होतं. चर्चमध्ये, भाषणात, लिहिताना मात्र ‘त’च हवा. नातवाच्या तोंडात घरातला ‘क’ बसलेला, आणि आजी एकेक ‘क’ वेचून काढत होत्या.

त्यावर आदराची भाषा वेगळी. कोणाचं स्वागत करायचं त्यावर क्रियापद ठरतं: मोठ्या मानकऱ्याला ‘आफियो माई’, सभेत बोलणाऱ्या मानकऱ्याला ‘मालिऊ माई’. कोण कुठल्या मानाचा, हे माहीत नसेल तर नुसतं ‘या’ म्हणणंही अवघड. हे सगळं परदेशात वाढणाऱ्या मुलांनी शिकायचं!

रविवारी चर्च पांढऱ्याशुभ्र कपड्यांनी भरून गेलं होतं. सामोअन लोकांचं समूहगान मी पहिल्यांदाच ऐकलं. खालच्या पट्टीतला पुरुषांचा आवाज पायाखालच्या फळ्यांतून जाणवतो. मग एकेक मूल माइकसमोर आलं. तीन-चार वर्षांची पोरं एकच ओळ म्हणून पळाली. आजींचा नातू मात्र मोठं वचन घेऊन उभा होता. मध्यावर अडकला. कुणी हसलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. पुढच्या बाकावरच्या एका वृद्ध गृहस्थांनी स्पष्ट आवाजात पुढचा शब्द दिला, पोराने तो उचलला आणि शेवटपर्यंत गेला. परतताना ज्येष्ठांच्या समोरून जायचं होतं, तर कमरेत वाकून ‘तुलोउ’, म्हणजे ‘माफ करा’, म्हणत गेला. एवढं होऊनही ते विसरला नाही, याचं मला फार कौतुक वाटलं.

न्यूझीलंडमध्ये इंग्रजी आणि माओरीनंतर सर्वाधिक बोलली जाणारी भाषा सामोअन आहे. 2018 च्या जनगणनेत तिथे 1,82,721 सामोअन होते. खुद्द सामोआ देशाची लोकसंख्या जेमतेम दोन लाख. पण ही भाषा तिथे सहज टिकलेली नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांना माणसं हवी होती, म्हणून बेटांवरून लोक आले. 1970 च्या दशकात मंदी आली आणि व्हिसाची मुदत संपलेल्यांना पकडायला पोलीस भल्या पहाटे पॅसिफिक लोकांची दारं ठोठावू लागले. मुदत उलटून राहिलेले ब्रिटिश आणि अमेरिकनही होते, त्यांची झोप मोडली नाही. त्या काळात कितीतरी आईबापांनी मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं, आणि त्यांना दोष कसा देणार? 1 ऑगस्ट 2021 ला पंतप्रधान जॅसिंडा आर्डर्न यांनी ऑकलंड टाउन हॉलमध्ये सरकारतर्फे माफी मागितली. माफी मागण्याच्या सामोअन ‘इफोंगा’ या रीतीप्रमाणे त्या खाली बसल्या आणि त्यांच्यावर बारीक विणीची चटई पांघरण्यात आली.

भाषा सावरली ती आधी चर्चने. ऑकलंडच्या न्यूटन भागातलं पॅसिफिक लोकांचं चर्च 1947 चं. पुढे 1980 च्या दशकात सामोअन बालवाड्या उभ्या राहिल्या, ‘आओङा आमाता’. 2007 पासून मेअखेर किंवा जूनच्या सुरुवातीला सामोअन भाषा सप्ताह असतो. तरीही न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या पिढीत बोलणारे कमी आहेत. आजींच्याच एका नातीला सगळं समजतं, पण ती उत्तर इंग्रजीत देते. मराठीच्या बाबतीत माझ्या भाचीचंही तेच. दोघी एकमेकींशी अर्थात इंग्रजीतच बोलत होत्या.

प्रार्थनेनंतरच्या जेवणाला ‘तोओनाई’ म्हणतात. एरवी सामोअन घरात मोठ्यांची पंगत आधी आणि मुलं वाढतात. या दिवशी मुलं बसतात आणि मोठे वाढतात. पालुसामी म्हणजे अळूच्या कोवळ्या पानांत नारळाचं दाट दूध आणि कांदा घालून भाजलेली पुरचुंडी. आपलं अळू असं खाल्लं नव्हतं कधी. शेजारी सापासुई, म्हणजे सामोअन चॉप सुई, आणि नारळाच्या दुधात फुगलेले गोड पाव. आजींच्या नातवाला सर्वांत मोठा पाव मिळाला.

जेवताना मी ताईशी वाद घातला. परदेशातल्या आपल्या बऱ्याच गणेशोत्सवांत मुलांना नाचायला मिळतं, बोलायला मिळत नाही. निवेदन इंग्रजीत, आरतीचा कागद रोमन लिपीत. मराठी शाळा आठवड्यातून तासभर, आणि तिथे शिकलेलं वापरायचं कुठे, तर कुठेच नाही. त्या चर्चमध्ये मुलाच्या सामोअनची दोनशे माणसं वाट बघत बसली होती. अथर्वशीर्ष राहू दे, पण प्रसाद वाटताना नाव विचारणं, ज्येष्ठांना हात धरून खुर्चीपर्यंत नेणं, स्वागताचं दोन मिनिटांचं भाषण, एवढं तरी मुलांकडे मराठीत सोपवा, असं मी म्हटलं. ताई म्हणाली, “मुलं चुकतील.” मी म्हटलं, “चुकू देत. पुढच्या रांगेत आपण बसू, शब्द द्यायला.” मंडळाच्या पुढच्या बैठकीत ती हे मांडणार आहे.

तुम्ही ऑकलंडला मार्च-एप्रिलच्या सुमारास गेलात, तर पॉलिफेस्ट चुकवू नका. 1976 साली ओटाराच्या एका शाळेत सुरू झालेला हा शाळकरी मुलांचा नाच-गाण्यांचा महोत्सव आता मानुकाऊला भरतो. सामोअन मंचासमोर पाय दुखेपर्यंत उभं राहावं लागतं, तेव्हा सकाळी लवकर जा.