घड्याळ आकडे देईल, ट्रेनरने काय द्यायचं?

बारा आठवड्यांच्या व्यायामाचा तक्ता आता कुठलंही ॲप मिनिटभरात बनवून देतं, आणि खरं सांगायचं तर तो बऱ्याच ट्रेनरांच्या छापील तक्त्यापेक्षा वाईट नसतो. नुसता तक्ता देऊन पोट भरायचे दिवस सरत आले. पुढे मोल येईल ते समोरचा माणूस आणि त्याच्या मनगटावरचे आकडे, दोन्ही वाचता येणाऱ्याला.

आधी घड्याळ. ते त्वचेत हिरवा प्रकाश सोडतं आणि परत येणाऱ्या उजेडाच्या चढउतारावरून नाडी मोजतं. चालताना हे बरं जमतं. पण केटलबेल धरून मूठ आवळली, मनगट वाकलं, की आकडा भरकटतो. धावताना कधीकधी घड्याळ नाडी सोडून पावलांचीच लय पकडतं. १७० दिसतात आणि माणूस निवांत गप्पा मारत असतो. पट्टा मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधायला सांगा. इंटरव्हलसाठी, म्हणजे जोरात-हळू आलटून पालटून करायच्या व्यायामासाठी, नाडी मोजणारा छातीचा पट्टाच हवा, तोही त्वचेला टेकणारे इलेक्ट्रोड ओले करून. घड्याळातल्या कॅलरींवर आहार तर मुळीच बेतू नका.

नाडी जास्तीत जास्त किती चढेल हे सांगणारं ‘२२० वजा वय’ हे सूत्रही सरासरीचंच. साठीच्या माणसाला ते १६० देतं, तर २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे सूत्र १६६. प्रत्यक्षात माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. बीटा ब्लॉकर, म्हणजे नाडी मंदावणारी बीपीची गोळी, चालू असेल तर नाडी पुरेशी चढतच नाही, आणि झोनच्या, म्हणजे नाडीच्या ठरावीक टप्प्याच्या, मागे लागलेला ट्रेनर त्या माणसाला दमवून टाकतो. तिथे शून्य ते दहाच्या मापावर दम विचारायचा, आणि पूर्ण वाक्य बोलता येतंय का ते ऐकायचं.

वयस्क ग्राहक वाढणार हे उघड आहे. त्यांच्यासाठी ३० सेकंदांची खुर्ची चाचणी (तेवढ्या वेळात खुर्चीतून किती वेळा उठून उभं राहता येतं ते मोजणं) हात बसेपर्यंत घोटून घ्या. साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची, बिनहाताची, बिनचाकांची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घडी घालून, आणि पूर्ण उभं राहिलं तरच मोजायचं. हाताचा आधार घेतला तर गुण शून्य. साठ ते चौसष्ट वयात पुरुष १४च्या आणि स्त्री १२च्या खाली असेल, तर ताकद सरासरीपेक्षा कमी. मऊ गादीची खुर्ची वापरली की सगळं मोजमाप वाया.

सेमाग्लुटाइडसारखी भूक मारून वजन उतरवणारी औषधं घेणारे लोकही येऊ लागलेत. भूक मेल्यामुळे प्रथिनं कमी पडतात आणि चरबीबरोबर स्नायूही उतरतात. अशांना आठवड्यातून किमान दोनदा वजनाचा व्यायाम हवा, आणि काट्याइतकीच बारबेलची नोंद ठेवायला हवी. जोडीला इन्सुलिन चालू असेल तर साखर उतरण्याचा धोका असतो. डोसबद्दल ट्रेनरने तोंड उघडू नये, डॉक्टरांकडे पाठवावं.

ऑनलाइन शिकवणीत स्क्वॉटसाठी कॅमेरा कमरेच्या उंचीवर, तिरका, अडीच-तीन मीटर लांब. समोरून गुडघे दिसतात पण पाठ नाही. बाजूने पाठ दिसते पण गुडघे नाहीत. पाठीमागे खिडकी नको. आणि एका सेटला एकच सूचना, चार दिल्या तर एकही पाळली जात नाही.

जिमवाल्यांनो, मुलाखतीत तक्ता लिहायला सांगू नका. ५८ वर्षांचा माणूस, बीपीची गोळी, उजवा गुडघा दुखरा, असा कागद हातात द्या. पहिला प्रश्न ‘गोळी कुठली?’ असा आला तर उमेदवाराला कामावर ठेवून घ्या.