24 व्होल्ट, 5 अँपिअर: फ्लायबॅक मोडला, फॉरवर्ड बांधला

मागच्या महिन्यात बांधलेला मेन्सवर चालणारा स्विचिंग पॉवर सप्लाय शेवटी मोडीत काढला; तो फ्लायबॅक या रचनेचा होता. आउटपुट 24 व्होल्ट अगदी बरोबर, पण वीस मिनिटांत कपॅसिटर इतके तापायचे की बोट टेकवत नव्हतं. पाचव्या दिवशी एकाचं डोकं फुगलं.

चूक माझीच. 'दीडशे वॉटपर्यंत फ्लायबॅक' हा ठोकताळा मी डोळे मिटून धरला. फ्लायबॅकमध्ये आउटपुटला चोक (करंट सपाट करणारी कॉइल) नाही, ट्रान्सफॉर्मरच ऊर्जा साठवतो आणि मॉस्फेट (स्विचचं काम करणारा ट्रान्झिस्टर) बंद झाला की सेकंडरीत ओततो. डिसकंटिन्युअस मोडमध्ये (दर सायकलला ट्रान्सफॉर्मर पूर्ण रिकामा होतो) 5 अँपिअर सरासरीसाठी डायोडमधून 20 अँपिअरचे पीक जात होते. कपॅसिटरच्या वाट्याला जवळपास साडेसहा अँपिअर रिपल, म्हणजे चढउताराचा करंट. हेच 120 वॉट 100 व्होल्टला हवे असते तर करंट कमी म्हणून फ्लायबॅकच ठेवला असता.

दुसऱ्या रचनांपैकी पुश-पुल बादच: मेन्स रेक्टिफाय करून मिळणाऱ्या 325 व्होल्ट डीसीवर मॉस्फेटला दुप्पट सोसावं लागतं. हाफ-ब्रिजचा मोह फार झाला, महाराणी रोडवरून आणलेल्या भंगार एटीएक्समध्ये (कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय) टीएल494 या कंट्रोलर आयसीसकट सगळं तयार होतं. पण टेबलावर शॉर्ट होणारच (माझं टेबल बघितलेल्यांना पटेल), म्हणून मला करंट-मोड (दर सायकलला करंट बघून स्विच बंद करणारा कंट्रोल) हवा होता, आणि तो हाफ-ब्रिजला लावला की दोन कपॅसिटरांचा मध्यबिंदू सरकत जातो.

म्हणून टू-स्विच फॉरवर्ड: दोन मॉस्फेट चालू असतानाच ऊर्जा सेकंडरीत जाते आणि आउटपुटला चोक असतो. यूसी3845 हा करंट-मोड आयसी ड्यूटी (सायकलमधला स्विच चालू असण्याचा वाटा) 50 टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही, त्यामुळे ट्रान्सफॉर्मरचा कोअर दर सायकलला रिसेट होतो, चुंबकत्व साचत नाही. दोन क्लॅम्प डायोडमुळे मॉस्फेटवर इनपुटएवढंच व्होल्टेज. डब्यातले 500 व्होल्टवाले आयआरएफ840 कामी आले. कोअर तोच ईटीडी34, फक्त गॅपसाठी बाहेरच्या पायांत घातलेला कागद काढला. 100 किलोहर्ट्झला प्रायमरी 60 वेढे, सेकंडरी 14. चोक एटीएक्सच्या पिवळ्या-पांढऱ्या रिंगवर गुंडाळला.

काल रात्री मेन्सच्या वाटेत सुरक्षेसाठी सिरीज बल्ब लावून चालू केला. बल्ब भक्कन पेटला, लगेच मंदावला, मीटरवर 24.1. मग सिरीज बल्ब काढून लोडला ट्रकच्या इंडिकेटरचे 24 व्होल्ट, 21 वॉटचे सहा बल्ब एकदम जोडले, तर सप्लाय उचक्या द्यायला लागला. थंड फिलामेंट कितीतरी पट करंट ओढते, हे माहीत असूनही दरवेळी विसरतो. एकेक करून जोडले, सहाही पेटले.

अर्ध्या तासाने कपॅसिटर कोमट. सेकंडरी डायोडचा हीटसिंक मात्र चटका देतोय, तो बदलायचाय.