मिरजेच्या शिबिराची तयारी, आणि त्यासाठी केलेली एक फेरी

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या चर्चचा युवक संघ मिरजेला जाणार आहे, एचआयव्हीसोबत जगणाऱ्या 16 ते 22 वयाच्या मुलामुलींचं निवासी शिबिर घ्यायला. शिबिर अजून व्हायचंय, त्यामुळे त्याचं वर्णन इथे नाही. त्याच्या आधी आम्ही चौघं तिकडे नुसतं बघायला, बोलायला जाऊन आलो, त्या फेरीबद्दल लिहितेय, कारण आमचा सगळा प्लॅन तिथेच उलटापालटा झाला.

प्लॅन काय होता तर नेहमीचाच. अ‍ॅक्शन साँग, स्किट, दोन साक्षी (म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं), खेळ, शेवटच्या रात्री शेकोटी आणि आरोग्यासाठी खास प्रार्थना. बायकांच्या मंडळाने जुने कपडे गोळा करायला घेतले होते, पास्टरना वार्षिक अहवालासाठी फोटो हवे होते. आणि आमच्या आईसाहेबांना एकच काळजी, "तिथलं ताट-वाटी वेगळं असेल ना गं?" म्हणजे बघा, आमची आई शिकलेली, रोज पेपर वाचणारी, पण ही भीती काही जात नाही.

तरी आधी आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, रिटायर्ड नर्स सिस्टरनी हॉलमध्ये क्लास घेतला होता आमचा. ताट, पाणी, मिठी, एकच बाथरूम, डास, कशानेही होत नाही हे त्यांनी शाळेतल्यासारखं घोकून घेतलं. मग जुन्या गोष्टी निघाल्या. भारतात पहिल्यांदा एचआयव्ही सापडला तो 1986 साली मद्रासमध्ये, आणि ज्यांनी तो शोधला त्या डॉ. सुनीती सोलोमन म्हणजे माहेरच्या गायतोंडे, मराठी घरातल्या. मला हे अजिबात माहीत नव्हतं. सरकारी दवाखान्यात एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीला दाबून ठेवणाऱ्या, गोळ्या फुकट मिळायला लागल्या त्या एप्रिल 2004 पासून, तेही सुरुवातीला मोजक्याच ठिकाणी. सिस्टर म्हणाल्या, "त्याच्या आधी आम्ही लोकांना फक्त मरताना बघितलं. आज तुम्ही ज्या पोरांना भेटणार ना, ती जगली म्हणून मोठी झाली, हे डोक्यात ठेवा."

तर शुक्रवारी दुपारी पुण्याहून कोयना एक्स्प्रेस पकडली. जेजुरी, नीरा, लोणंद, मग आदर्कीचा घाट, पाऊस नुकताच सरलेला त्यामुळे सगळं हिरवंगार आणि खिडकीची जागा मिळालेली, अजून काय पाहिजे. कराडपर्यंत आमचा गिटारवाला नवीन कोरस शिकवत होता आणि समोरच्या सीटवरचे आजोबा वैतागलेले होते. किर्लोस्करवाडी गेलं की मला मावशीच्या घरचा वास यायला लागतो, लहानपणापासूनचं आहे ते.

मावशी राहते वानलेसवाडीत, सांगली आणि मिरजेच्या मधे. ज्या डॉ. विल्यम वानलेस यांच्यावरून हे नाव पडलं त्यांनी 1894 साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं, आणि पुढे क्षयरोग्यांसाठी इथे सॅनिटोरियम झालं. मिरजेत कुष्ठरोग्यांसाठी वेगळं मिशनचं हॉस्पिटलही आहे. म्हणजे ज्यांना लोक गावाबाहेर बसवायचे त्यांच्यासाठी काम करायची या गावाला जुनी सवय आहे असं आपण अभिमानाने म्हणतो चर्चमध्ये. पण मावशी भडंग पुढे ठेवत म्हणाली, "अगं, आपल्याच मंडळीत एचआयव्हीवाला एक जण होता, त्याच्या मातीला किती लोक गेले ते विचार." तिने आकडा सांगितला नाही, मीही विचारला नाही.

सांगली जिल्हा एचआयव्हीच्या बाबतीत बरीच वर्षं जास्त प्रमाण असलेल्या जिल्ह्यांत धरला गेला. देशात साधारण 25 लाख लोक एचआयव्हीसोबत जगतायत आणि त्यात महाराष्ट्राचा नंबर पहिला, तेव्हा "हे आपल्याकडे कुठे असतं" असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

शनिवारी सकाळी ज्या ताईंना भेटायचं होतं त्या समुपदेशक आहेत, या मुलांसोबत कितीतरी वर्षं काम करतायत. नाव लिहीत नाही, संस्थेचंही नाही, तीच त्यांची पहिली अट होती. 2017 च्या एचआयव्ही कायद्याप्रमाणे कोणाची स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही, आणि तुमचा एक ग्रुप फोटो स्टेटसला गेला की एखाद्या पोरीचं गावातलं लग्न मोडतं, असं त्यांनी सरळ सांगितलं. फोटो बंद. पास्टरना काय सांगायचं ते मी बघते म्हटलं.

मग ताईंनी टेबलाच्या खणातून एक पांढरी प्लास्टिकची बाटली काढली, रिकामी. लेबल नखाने खरवडून काढलेलं, नुसता चिकट गम राहिलेला, आणि आत कापूस कोंबलेला. होस्टेलवर राहणाऱ्या एका मुलाची होती म्हणे. महिन्याच्या गोळ्यांची बाटली बॅगेत खुळखुळते, रूममेट विचारतो काय आहे रे, म्हणून कापूस. आणि कोणी बघितलंच तर सांगायचं थायरॉइडची गोळी आहे. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी असते, टीएलडी म्हणतात तिला, तीन औषधं एकात. आधीच्या गोळीने गरगरायचं म्हणून ती रात्री झोपताना घ्यायची सवय लागलेली, ती पुष्कळांची अजून तशीच आहे. "शिबिरात काय होतं माहितीये," ताई म्हणाल्या, "रात्री जेवण झालं की सगळे आपापल्या बाटल्या टेबलावर काढून ठेवतात आणि एकमेकांना ओरडतात, ए घेतली का. ह्याच्यासाठी येतात ती. तुमच्या स्किटसाठी नाही."

आमचा गिटारवाला हसला, मी नाही हसले, कारण स्किट मी लिहिलं होतं.

आरोग्याच्या प्रार्थनेवरून मात्र जरा तापलं. आमच्यातल्या एकाचा आग्रह होता की देव बरं करू शकतो यावर आपला विश्वास आहे मग प्रार्थना का नाही करायची. ताई स्वतः विश्वासी आहेत, रविवारी उपासनेला जाणाऱ्या. त्या म्हणाल्या, प्रार्थना करा की, कोण नको म्हणतंय, पण "आता तू बरा झालास, गोळ्या बंद कर" हे कोणाच्या तोंडून निघालं तर त्याच मिनिटाला शिबिर बंद. कुठल्याशा सभेत डोक्यावर हात ठेवून बरं होण्याची प्रार्थना करून घेतली, घरी येऊन औषध सोडलं, काही दिवस छान वाटलं, मग व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, चढला, सीडी4, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी, खाली आले, टीबी झाला, अशी पोरं त्यांनी बघितलीयत. आणि गोळ्या मधेच सोडल्या की विषाणूला त्या औषधाची सवय होऊ शकते, मग पुढची औषधं शोधत बसा. उलट रोज नीट घेतल्या की विषाणू टेस्टमध्ये सापडेनासा होतो, आणि तो तसाच राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदारालाही लागण होत नाही. माझ्या मते तरी हा काही कमी चमत्कार नाही, पण हे बोलले तर तो अजून चिडला असता म्हणून गप्प बसले.

आणखी एक गोष्ट, ही मला सगळ्यात जास्त लागली. मागच्या रविवारी पास्टरनी बायबलमधला योहानाचा नववा अध्याय घेतला होता, त्या जन्मांध माणसाचा, ज्याच्याबद्दल शिष्य विचारतात की पाप याने केलं की याच्या आईबापांनी. तोच धागा घेऊन शिबिरात बोलायचं ठरलं होतं, की तुमचा यात काहीच दोष नाही, तुम्हाला हे जन्मतःच मिळालं. ताई म्हणाल्या, दहात आठ-नऊ जणांना आईकडून आलेलं असेल, पण एखादा बसलेला असतो ज्याला नंतर झालंय, संबंधातून. तुम्ही पहिल्यांना "निर्दोष" म्हणालात की तो समजतो, म्हणजे दोषी मी. आणि बाकीच्यांना वाटतं दोषी आमची आई. येशूने तो प्रश्नच उडवून लावला ना, मग तुम्ही कशाला निम्म्याने उत्तर देताय. यावर कोणी काही बोललं नाही. आमच्यात बायबल कॉलेज केलेला एक जण आहे, तोसुद्धा नाही.

मग मुलांना हवंय काय? ही यादी ताईंकडे तयारच होती आणि त्यात कोरस नव्हता. बायोडाटा कसा लिहायचा, आयटीआयचा फॉर्म, इंटरव्ह्यूत एचआयव्हीची टेस्ट मागितली तर काय बोलायचं (नोकरीसाठी अशी टेस्ट मागताच येत नाही, कायद्यातच आहे), संजय गांधी निराधार योजनेची कागदपत्रं, आणि लग्न. लग्नाचे प्रश्न तर संपतच नाहीत म्हणे, सांगायचं का, कधी सांगायचं, मूल निगेटिव्ह होईल का. ज्यांचे आईवडील गेले त्यांच्यात मोठी बहीणच घर चालवते, कायद्याने 12 ते 18 मधलं समजूतदार भावंडही धाकट्याचं शाळेच्या प्रवेशासारख्या कामांसाठी पालक म्हणून उभं राहू शकतं, पण शाळेच्या ऑफिसात हे कोणाला पटवून द्यायचं.

परतीच्या गाडीत गर्दी मरणाची, तरी नवीन टाइमटेबल तिथेच लिहून काढलं. स्किट गेलं. साक्षी गेल्या. शेकोटी ठेवलीय, गिटारही, कारण ताईंनीच सांगितलं की हसायला काहीतरी ठेवा हो, सारखं एचआयव्ही-एचआयव्ही नको. जुने कपडे परत, त्याऐवजी बायकांचं मंडळ शेंगदाण्याचे लाडू करणार आहे. पास्टर फोटोवरून थोडे खट्टू झाले पण समितीत मान्य झालं. आईला मी अजून सगळं सांगितलेलं नाही, सिस्टरना घरी चहाला बोलावलंय, त्या बघतील.

एक अडचण राहिलीय. कामगार कायदा किंवा एचआयव्ही कायदा साध्या मराठीत समजावून सांगेल असा वकील हवाय, शक्यतो सांगली-कोल्हापूरकडचा, आणि आयटीआयमधले कोणी सर किंवा मॅडम. दोघांच्याही येण्या-जाण्याचा खर्च आम्ही करू, जेवण मावशीकडे. कोणाच्या ओळखीत असेल तर कळवा, फक्त आल्यावर मोबाइल पिशवीत ठेवावा लागेल हे आधीच सांगा त्यांना.