बाबा, गव्हर्नर आणि पॅरामॅटातला बंगला

आई-बाबा सध्या आमच्याकडे सिडनीला आलेत. बाबा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे ऑपेरा हाऊस बघून "बरं आहे" एवढंच म्हणाले आणि मी मनात म्हटलं, गेले तिकिटाचे पैसे. पण परवा घराजवळच्या पॅरामॅटा पार्कमधलं ओल्ड गव्हर्नमेंट हाऊस दाखवायला नेलं तर माणूस दोन तास हलेना!

बंगला तसा साधाच. १७९९ मध्ये गव्हर्नर हंटरने बांधला, पुढे गव्हर्नर मॅक्वारीने वाढवला, आता वर्ल्ड हेरिटेज आहे. लाकडी जमीन, गार खोल्या, आणि सिडनीच्या गोंगाटाला कंटाळलेले गव्हर्नर इथे येऊन राहायचे. आई म्हणाली, म्हणजे आपलं महाबळेश्वर. बाबांचं लक्ष मात्र वेगळीकडेच, "इथे सही कोणाची चालायची?"

सगळ्यावर एकाचीच, बाबा.

इंग्लंडने कैदी पाठवून वसवलेल्या या वसाहतीचा पहिला गव्हर्नर आर्थर फिलिप. ७ फेब्रुवारी १७८८ ला कैद्यांना जमिनीवर बसवून त्याची सनद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचली, आणि त्या सनदेत काय नव्हतं ते विचारा. मॅजिस्ट्रेट नेमायचे, कोर्ट भरवायचं, शिक्षा माफ करायची (राजद्रोह आणि खून सोडून, तिथे फक्त फाशी थांबवून राजाकडे लिहायचं), जमीन वाटायची. जमिनीचा हिशोबही लंडनहून ठरवून आलेला, शिक्षा संपलेल्या एकट्या पुरुषाला ३० एकर, लग्न झालेलं असेल तर आणखी २०, आणि दर मुलामागे १०. इथे बाबांचे डोळे चमकले. "आणि सातबारा?" मी म्हटलं बाबा, मोजणी झाली की झालं. "अगं पण जमीन कोणाची होती आधी?"

हा प्रश्न बाकी कोणी विचारत नाही हो. इथल्या मूळ रहिवाशांची, बुरामॅटागल लोकांची होती, गावाचं नावच त्यांच्यावरून पडलंय. मूळ रहिवाशांशी प्रेमाने वागा असंही गव्हर्नरच्या सूचनांमध्ये लिहिलेलं होतं, आणि १८१६ मध्ये मॅक्वारीनेच मूळ रहिवाशांवर शिपाई पाठवले, ॲपिन गावाजवळ रात्री कमीत कमी १४ माणसं मारली गेली, बायका-पोरं धरून. सनद आणि जमीन यात किती अंतर असतं ते बाबांना मी काय सांगणार.

बाबांना दुसरं नवल वाटलं ते हे की गव्हर्नरला विचारणारं कोणीच नाही. मुंबईच्या गव्हर्नरलासुद्धा कौन्सिल होतं, इथे १८२३ च्या कायद्यापर्यंत तेही नाही. वरिष्ठ लंडनला, पत्र जाऊन उत्तर यायला वर्ष उलटायचं, मधल्या काळात रेशन, दारू, कैद्याचं लग्न, सगळं याच्याच टेबलावर. हो, कैद्याला लग्नालाही गव्हर्नरची परवानगी लागायची! १७९० मध्ये धान्य संपत आलं तेव्हा फिलिपने स्वतःचं पीठ सरकारी कोठारात जमा केलं आणि कैद्याला मिळेल तेवढंच आपल्या ताटात घेतलं. बाबा म्हणाले, "असा साहेब मला एकच मिळाला, त्याचीही बदली झाली."

पण एवढी पॉवर असून हुकूम पाळणारे शिपाईच फिरले तर? पुढचा एक गव्हर्नर, कॅप्टन ब्लाय, त्याचं तेच झालं. दारू देऊन माल घ्यायची पद्धत त्याने १८०७ मध्ये बंद केली, आणि त्या धंद्यात लष्करातलेच अधिकारी मुरलेले, मग काय, २६ जानेवारी १८०८ ला बँड वाजवत पलटण आली आणि गव्हर्नरलाच अटक केली. तारीख ऐकून बाबा हसले, म्हणाले आपला प्रजासत्ताक दिन की.

मॅक्वारीची गोष्ट मात्र त्यांना फार आवडली कारण हा गडी मुंबईत पलटणीत होता, पहिलं लग्न मुंबईतच केलं, आणि ती बायको वारल्यावर पुरलीही मुंबईतच. इथे आला तर नाणीच नाहीत! मद्रासहून ४०,००० स्पॅनिश डॉलर आले, ते देशाबाहेर जाऊ नयेत म्हणून खोटी नाणी बनवल्याबद्दल शिक्षा झालेल्या एका कैद्याकडूनच प्रत्येकाच्या मध्ये भोक पाडून घेतलं, बाहेरची कडी पाच शिलिंग आणि आतला तुकडा पंधरा पेन्स. एका नाण्याची दोन! आई म्हणाली, मेदूवडा.

पण इमारतींवर फार खर्च करतो, सुटलेल्या कैद्यांना मॅजिस्ट्रेट करतो, अशा तक्रारी लंडनला गेल्या आणि चौकशीला बिग नावाचा कमिशनर आला. चौकशी म्हटल्यावर बाबा बाकावर सरसावून बसले, डब्यातल्या धपाट्याचा तुकडा हातातच राहिला.

"मग पेन्शन?"

मी सांगितलं, भांडून-भांडून १८२४ मध्ये मंजूर झाली, आणि त्याच वर्षी १ जुलैला तो लंडनमध्ये वारला.

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "फाइल कोणाच्या टेबलावर अडली होती गं?"