अंदमानला पाचलाच संध्याकाळ होते

सेल्युलर जेलमधली सावरकरांची कोठडी पाहायची, ही सासूबाईंची जुनी इच्छा. गुडघे दुखत असतानाही त्या अगदी वरच्या मजल्यापर्यंत जिने चढल्या, कोठडीच्या भिंतीला हात लावला आणि रडल्या. तेवढ्यासाठी तरी आलो ते बरं झालं. खर्च धाकट्या दिरांचा, त्यामुळे कुठे उतरायचं, कधी निघायचं हेही तेच ठरवणार, हे कुणी न बोलताच ठरलेलं होतं. पोर्ट ब्लेअर, रॉस, बोटीचा प्रवास, सगळं छान पार पडलं.

बिनसलं ते हॅवलॉकला. (२०१८ पासून बेटाचं नाव स्वराज द्वीप आहे, पण लोकांच्या तोंडी अजून हॅवलॉकच.) राधानगरचा किनारा खरंच देखणा आहे. पीठासारखी वाळू, मागे उंच झाडांची गर्द सावली. पोहोचल्याबरोबर मंडळी पाण्यात पळाली. मी सासूबाईंजवळ बसले. सगळ्यांच्या चपला, मोबाइल, टॉवेल माझ्याकडे. चारची गोळी दिली. मग त्यांना चहा हवा झाला, तो बाहेरच्या टपरीवरून आणला. एवढं उरकलं की जाऊ, असं दर वेळी म्हणत होते. पण अंदमान इतकं पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच, त्यामुळे डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो. सलवार दुमडून निघाले, तर जीवरक्षकांच्या शिट्ट्या सुरू. पाण्यातल्यांनाच बाहेर काढत होते. माझे घोटेसुद्धा भिजले नाहीत.

रात्री जेवताना जाऊबाई फोटो दाखवत होती. मी म्हटलं, "उद्या आईंजवळ दुसरं कुणीतरी बसा."

"वहिनी, सांगायचंत ना! आम्ही काय नाही म्हणालो असतो?" दीर म्हणाले.

सासूबाईंनी ताट सरकवलं. "मी काय हिला बांधून ठेवलं होतं?"

नवरा माशाचे काटे काढत राहिला.

'सांगायचंत ना' या दोन शब्दांनी माझं डोकं फिरतं. घरी आईंचं सगळं मी बघते, त्याबद्दल तक्रार नाही. पण एरवी लांब राहणारा मुलगा आईला हौसेने फिरायला आणतो, आणि तिची चारची गोळी त्याला ठाऊक नसते? हवापालट सगळ्यांचा, आणि मला घरचंच काम, फक्त समुद्रासमोर बसून. हे मी तिथेच, सगळ्यांदेखत बोलले. नवऱ्यालाही ऐकवलं. उरलेलं जेवण कुणीच नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी नील बेटावर, भरतपूरच्या किनाऱ्याला, मी सगळ्यांच्या आधी पाण्यात शिरले. पाणी उथळ आणि इतकं नितळ, की मास्क लावून नुसतं तोंड बुडवलं तरी प्रवाळ दिसतात. निळे-पिवळे पट्टेरी मासे अगदी हाताजवळून गेले. आई माझ्याशी अजून बोलत नव्हत्या. काठावरून दिरांच्या हाका आल्या. "वहिनी, यात पांढऱ्या गोळ्या दोन आहेत! कुठली द्यायची?"

"डबीवर लिहिलंय, वाचा!" मी ओरडून सांगितलं आणि मास्क परत लावला.